सहाशे सहा डॉलर, सतरा सेंट

पुण्यात तीस वर्षं रेकॉर्डिंगचा छोटा स्टुडिओ चालवतोय. भजनी मंडळं, एकांकिकांचं पार्श्वसंगीत, अधूनमधून गिटारी घेऊन येणारी कॉलेजची पोरं. घड्याळ भिंतीवर, बिल तासावर. म्हणून ग्रंजचा, म्हणजे सिएटलच्या त्या खडबडीत रॉकचा, इतिहास कुणी विचारला, की मी गाण्यांपासून नाही, एका बिलापासून सुरुवात करतो.

ते बिल ६०६ डॉलर १७ सेंटचं. अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या बॅलार्ड भागात ‘रेसिप्रोकल रेकॉर्डिंग’ नावाचा स्टुडिओ होता. तिथे ध्वनिमुद्रक जॅक एन्डिनोनं ‘निर्वाणा’ या बँडचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ आठ ट्रॅकच्या मशीनवर उतरवला. बहुतेक काम १९८८च्या नाताळात आणि जानेवारी १९८९मध्ये झालं; सगळे मिळून तास भरले जेमतेम तीस. पोरांकडे पैसे नव्हते. बिल भरलं जेसन एव्हरमन या मित्रानं, आणि एकही सूर न वाजवता अल्बमवर गिटारवादक म्हणून त्याचं नाव छापून आलं. हे वाचून मला हसू फुटलं. कॅसेटच्या जमान्यात आमच्याकडेही कित्येक ‘निर्माते’ असेच जन्माला आले.

तीस तासांत अल्बम करायचा, तर टेक पुन्हा घ्यायचा की चूक तशीच ठेवायची, हे कान नाही, खिसा ठरवतो. त्या आवाजातला खडबडीतपणा थोडा स्वभावाचा, थोडा तंगीचा. सिएटलच्याच ‘मडहनी’ या बँडनं तर १९८८च्या रेकॉर्डला ‘सुपरफझ बिगमफ’ हे नाव दिलं, ते गिटारचा आवाज फाडणाऱ्या दोन पेडलांवरून.

सिएटल तेव्हा आडबाजूला. संगीताच्या कंपन्या लॉस एंजेलिस नि न्यूयॉर्कमध्ये. इथे फिरकणार कोण? मग जे करायचं ते आपसातच. १९८६मध्ये ‘डीप सिक्स’ या एकाच तबकडीवर सहा स्थानिक बँड एकत्र आले. ‘सब पॉप’ ही कंपनी ब्रूस पॅव्हिटच्या घरगुती नियतकालिकातून उभी राहिली. भागीदार जोनाथन पोनमनशी त्याची गाठ घालून दिली ‘साउंडगार्डन’ बँडच्या किम थायिलनं. थायिल केरळी आईवडिलांचा मुलगा, शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्टमध्ये वाढलेला, पॅव्हिटही तिथलाच.

मग पैसा आला. सप्टेंबर १९९१मध्ये ‘निर्वाणा’चा ‘नेव्हरमाइंड’ निघाला. अमेरिकेत सुरुवातीला दुकानांत गेल्या साधारण ४६ हजार प्रती. जानेवारी १९९२मध्ये त्यानं मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं. लाकूडतोड्यांच्या गावातले चौकड्यांचे जाड शर्ट, पोरं जुन्या बाजारातून घेत ते, त्याच वर्षी फॅशन डिझायनर मार्क जेकब्सनं न्यूयॉर्कच्या रॅम्पवर चढवले. ‘निर्वाणा’चा गायक कर्ट कोबेन मात्र कुरकुरत होता, की अल्बम फार गुळगुळीत झाला. त्या अल्बमचं अँडी वॉलेसनं केलेलं मिक्सिंग मी हेडफोनवर अनेकदा ऐकलंय. काम चोख आहे. तक्रार चोखपणाचीच होती.

म्हणून पुढच्या ‘इन युटेरो’साठी फेब्रुवारी १९९३मध्ये ‘निर्वाणा’ची मंडळी मिनेसोटातल्या बर्फात ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे गेली. त्यानं रॉयल्टी नाकारली, एकरकमी एक लाख डॉलर घेतले आणि दोनेक आठवड्यांत काम उरकलं. लाख डॉलर कशासाठी, तर सहाशे डॉलरमध्ये आपोआप मिळालेला ओबडधोबडपणा परत आणण्यासाठी. तरी दोन गाणी बाजारात जाण्याआधी दुसऱ्याकडून पुन्हा मिक्स करून घेतली गेलीच. एप्रिल १९९४मध्ये कोबेन गेला, वय २७.

अजूनही एखादा पोरगा विचारतो, “काका, थोडं खराब करून द्याल? सिएटलसारखं?” कॉम्प्युटरवर त्याचंही बटण आहे आता. मी बटणाला हात लावत नाही. “एका दिवसाचे पैसे भर,” म्हणतो, “आणि संध्याकाळपर्यंत चार गाणी संपव.”