जिओकॅशिंग : सुरुवात आणि जीपीएस यंत्राची निवड

जिओकॅशिंग : उपग्रहांच्या मदतीने दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर पोहोचून तिथे लपवलेला डबा शोधण्याचा खेळ. एक जण डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश, थोडी माहिती व एखादा सुगावा संकेतस्थळावर देतो. दुसरा तिथे जाऊन डबा हुडकतो, आतल्या वहीत नाव व तारीख लिहितो आणि डबा होता तसाच, होता तिथेच ठेवून येतो. घरी आल्यावर संकेतस्थळावरही नोंद करतो. डब्यात चिल्लर वस्तू असतील तर त्यांतली एखादी घेता येते; मात्र तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, हा रिवाज आहे. जगभरात आज तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले असून ते सातही खंडांवर आहेत. भारतात मात्र ते फार विरळ आहेत. न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला घराजवळच्या बागेत एखादा सहज सापडेल. महाराष्ट्रात त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी लागते.

इतिहास : खुणांवरून डबा शोधण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्यांनी आपली चिठ्ठी तीत टाकावी, अशी ती सोय होती. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ रूढ झाले. जिओकॅशिंगचा जन्म मात्र एका सरकारी निर्णयातून झाला. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा. नागरी वापराच्या संकेतात लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रात सुमारे १०० मीटरपर्यंतचा फरक पडे. एवढ्या फरकात गाव सापडते, डबा सापडत नाही. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानुसार २ मे २००० रोजी ही चूक मिसळणे बंद झाले आणि त्याच यंत्रांची अचूकता एका रात्रीत १०-२० मीटरांवर आली.

दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, संगणक सल्लागार डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरील एका चर्चागटात टाकले. बादलीत वही, पेन्सिल, पुस्तके, गलोल आणि घेवड्याच्या बियांचा एक हवाबंद डबाही होता. तीन दिवसांच्या आत माइक टीग यांनी ती शोधून काढली. अशा डब्यांची यादी एकत्र ठेवण्याची सुरुवातही टीग यांचीच. मे महिना सरता सरता मॅट स्टम यांनी या खेळाला आजचे नाव सुचवले. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केले, तेव्हा यादीत अवघे ७५ डबे होते. सिअ‍ॅटलमधून चालणारे हेच संकेतस्थळ आज या खेळाचे मुख्य केंद्र आहे. ११ मे २००० रोजी कॅन्ससमध्ये लपवलेला ‘मिंगो’ हा चालू स्थितीतल्या डब्यांपैकी सर्वांत जुना मानला जातो.

प्रकार : दिलेल्या जागी थेट डबा असेल तर तो पारंपरिक प्रकार. बहुटप्पी प्रकारात पहिल्या जागेवर दुसऱ्या जागेचा पत्ता मिळतो. कोड्याच्या प्रकारात आधी घरबसल्या कोडे सोडवावे लागते, मग खरे अक्षांश-रेखांश हाती येतात. २००४ पासून सुरू झालेल्या ‘अर्थकॅश’मध्ये डबाच नसतो; भूवैज्ञानिक महत्त्वाच्या जागी जाऊन, निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. शिकवण्याच्या दृष्टीने सगळ्यांत सरस प्रकार हाच. लोणारचे विवर किंवा अंधेरीची गिल्बर्ट हिल यांसारख्या ठिकाणांना तो शोभून दिसतो, कारण तिथे काही लपवून ठेवण्याची गरजच पडत नाही. क्रमांक कोरलेली, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करणारी बिल्लेवजा वस्तूही खेळात असते. असा क्रमांक ‘पर्सिव्हिअरन्स’ या यानाबरोबर २०२१ मध्ये मंगळावर जाऊन पोहोचला आहे.

अक्षांश-रेखांश वाचणे : नवशिक्याची गाडी सर्वांत जास्त वेळा इथेच अडते. या खेळात जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, उदाहरणार्थ उ. १८° ३१.५००'. फोनवरचे नकाशे बहुधा दशांश अंश दाखवतात. एका अंशात ६० मिनिटे, म्हणून ३१.५ भागिले ६० म्हणजे ०.५२५, आणि वरचा अक्षांश १८.५२५° होतो. घाईत कोणी तो १८.३१५° असा भरला, तर पुण्यातली खूण दक्षिणेला तब्बल २३ किलोमीटरवर जाऊन पडते. यंत्रात आकडे भरण्यापूर्वी त्याची मांडणी अंश-दशांश मिनिटांवर आहे ना, हे पाहावे. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानातील एका आकड्याचा फरक म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे १.८५ मीटर, पुण्याच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दिशेने तो पावणेदोन मीटर भरतो. शेवटचा आकडा चुकला तरी फारसे बिघडत नाही. मधला चुकला की भलत्याच झाडाखाली उकरत बसावे लागते.

यंत्रातील मूळ संदर्भ, म्हणजे पृथ्वीचा ज्या आकारावरून अक्षांश-रेखांश मोजतात तो, ‘डब्ल्यूजीएस ८४’ हाच ठेवावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ नावाच्या वेगळ्या संदर्भावर बेतलेले आहेत. त्यांच्यासाठी बदललेली मांडणी यंत्रात तशीच राहिली, तर डब्याची खूण सरकते आणि दोष मात्र लपवणाऱ्याच्या माथी येतो.

पहिला डबा निवडणे : प्रत्येक डब्याला दोन श्रेणी असतात, शोधण्याची अवघडता आणि वाटेची अवघडता. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या अंकाने. वाटेची श्रेणी १ असेल तर चाकाच्या खुर्चीवरूनही पोहोचता येते. ५ असेल तर दोर, नाव किंवा तत्सम साधन लागते. सुरुवातीला दोन्ही आकडे दीडच्या आत असलेला पारंपरिक डबा घ्यावा. आकार मध्यम असावा. शर्टाच्या बटणाएवढी चुंबकी डबी पहिल्याच दिवशी शोधायला गेले तर उत्साह मावळतो. अलीकडच्या नोंदीही वाचाव्यात. गेल्या महिन्याभरात कोणाला तरी डबा सापडलेला असेल तर निघावे. ओळीने चार-पाच जणांनी ‘सापडला नाही’ असे लिहिले असेल, तर डबा बहुधा जागेवर नाहीच.

सुगावा सांकेतिक लिपीत असतो. इंग्रजी वर्णमालेतले प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवलेले असते, आणि तेच पुन्हा तेरा घरे सरकवले की मूळ शब्द उघडतो. अ‍ॅपमध्ये एका स्पर्शाने तो दिसतो. पहिल्या काही डब्यांना तो निःसंकोच वाचावा.

शेवटचे दहा मीटर : यंत्र माणसाला जागेजवळ आणते, डबा दाखवत नाही. उघड्या आकाशाखाली फोनची चूक सुमारे ५ मीटर असते. लपवणाऱ्याच्या यंत्रातही तेवढीच चूक धरली, तर शोधायचे वर्तुळ १० मीटर त्रिज्येचे होते. दाट झाडीत, कड्याच्या पायथ्याशी किंवा उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संकेत खडकावर, भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि चूक आणखी वाढते. नवशिका अशा वेळी पडद्यावर डोळे लावून बाणामागे गोल गोल फिरत राहतो. तीस मीटरांवर असतानाच चाल मंद करावी, दोन-तीन बाजूंनी जागेकडे येऊन बाण कुठे एकवटतात ते पाहावे, दहा मीटरांच्या आत आल्यावर यंत्र खिशात टाकावे आणि लपवणाऱ्याच्या डोक्याने विचार करावा. आपण असतो तर कुठे ठेवला असता? झाडाच्या ढोलीत, कुंपणाच्या पोकळ खांबात, बाकाच्या पाटीखाली, की सहज पडल्यासारख्या न वाटणाऱ्या त्या दगडांच्या ढिगात? निसर्गात नीट रचून ठेवलेले काही आढळत नाही. दगड एकावर एक मांडलेले, फांद्या समांतर ठेवलेल्या, सालीचा तुकडा उलटा पडलेला दिसला की तिथे हात घालावा. हात म्हणजे आधी काठी, कारण बिळात-कपारीत साप-विंचू असतात. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात तर हा नियम मोडूच नये. सोबत पेन हवे, लहान डब्यांत ते नसते. गुंडाळलेली चिठ्ठी ओढायला चिमटा असावा.

आजूबाजूच्या माणसांच्या नजरेत न येता शोधणे हा खेळाचाच भाग आहे. त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी गावात उपाहारगृहाबाहेर ठेवलेल्या अशाच एका डबीमुळे बॉम्बशोधक पथक बोलवावे लागले. आपल्याकडे रेल्वे स्थानक, धरण, विमानतळ, पूल, देवस्थान अशा ठिकाणी बेवारस डब्याभोवती घुटमळणे केव्हाही टाळावे. कोणी विचारले तर खरे काय ते सरळ सांगून पडद्यावरचा नकाशा दाखवावा.

जीपीएस यंत्राची निवड : सुरुवात हातातल्या फोनवर करावी. यात काटकसरीपेक्षा समजुतीचा भाग मोठा आहे. शोध घेताना आपले नेमके कशाने अडते, हे कळल्याशिवाय कोणते यंत्र घ्यावे ते ठरवताच येत नाही. जिओकॅशिंगचे अधिकृत अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर ‘सी:जिओ’ हे मुक्त स्रोत अ‍ॅपही आहे. निघण्यापूर्वी नकाशा आणि डब्यांची माहिती फोनमध्ये उतरवून घ्यावी. फोन एरवी काही सेकंदांत जागा सांगतो, कारण उपग्रह कुठे आहेत ही माहिती त्याला मोबाइल नेटवर्ककडून आयती मिळते. घाटात रेंज गेली की तीच माहिती थेट उपग्रहांकडून घ्यावी लागते. तिचा आवश्यक भाग दर ३० सेकंदांनी येतो, संपूर्ण यादी मिळायला मात्र साडेबारा मिनिटे लागतात. ‘फोनचा जीपीएस बंद पडला’ ही तक्रार बहुतेक वेळा या थांबण्याची असते. मोकळ्यावर फोन स्थिर धरून उभे राहावे.

फोन हरतो तो बॅटरीत, पावसात आणि उन्हात. ओल्या बोटांना स्पर्शपडदा जुमानत नाही, दुपारच्या उन्हात काही दिसत नाही, आणि परतीच्या वाटेवर ज्याची खरी गरज तोच फोन मान टाकतो. महिन्यातून दोन-तीनदा रानात जाणाऱ्याने म्हणून स्वतंत्र यंत्राचा विचार करावा. गार्मिन कंपनीची ‘ईट्रेक्स’ मालिका २००० पासून नवशिक्यांच्या हातात आहे. ती बटणांवर चालते, दोन पेन्सिल सेलवर दिवसभर सहज पुरते, आणि सेल संपले तर वाटेतल्या कोणत्याही दुकानातून नवे घेता येतात. हा एक गुण इतर दहा सोयींपेक्षा मोलाचा आहे. त्याच कंपनीची ‘जीपीएसमॅप’ मालिका मोठी व महाग. वर डोकावणाऱ्या जाड अँटेनामुळे ती झाडीत आणि दरीत संकेत अधिक घट्ट धरते.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, अंगचे विद्युत होकायंत्र. ते नसलेल्या यंत्राचा बाण चालतानाच बरोबर दिशा दाखवतो, थांबले की भरकटतो. आणि डबा शोधताना माणूस बहुतेक वेळ थांबलेलाच असतो. दोन, जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ यांसारख्या इतर उपग्रहमालिका वाचण्याची क्षमता. शक्य असल्यास दोन वारंवारतांवर, म्हणजे ‘मल्टी-बँड’. तीन, डब्याचे वर्णन, सुगावा आणि जुन्या नोंदी यंत्रातच साठवण्याची सोय. हवेच्या दाबावरून उंची सांगणारे साधन, आत भरलेले महाग नकाशे, रंगांची चैन यांवर पहिल्या खरेदीत पैसे घालू नयेत. ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे बऱ्याच यंत्रांत फुकट भरता येतात. मोटारीतले वाट दाखवणारे यंत्र या कामाचे नाही.

जुने यंत्र घ्यायला हरकत नाही. ‘जीपीएसमॅप ६०सीएसएक्स’सारखी २००६ च्या सुमाराची यंत्रे आजही चांगली जागा दाखवतात, फक्त वर्णन कागदावर न्यावे लागते. सेलच्या कप्प्यात गंज आहे का आणि रबरी कड सुटली आहे का, हे पाहून घ्यावे. तारीखही तपासावी. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीअंक १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. तो ६ एप्रिल २०१९ रोजी शून्यावर आला, तेव्हापासून काही जुनी यंत्रे जवळजवळ वीस वर्षे मागची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबरच असते.

भारतात एक फरक काटेकोरपणे पाळावा लागतो. साधे जीपीएस यंत्र उपग्रहाचे नुसते ऐकते. ‘इनरीच’सारखी यंत्रे उपग्रहामार्फत संदेश पाठवतात, आणि ती सरकारी परवानगीशिवाय बाळगणे हा येथे गुन्हा आहे. गोव्यासह काही विमानतळांवर अशा यंत्रांमुळे परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. अमेरिकेतून भाच्याकडून यंत्र मागवताना त्याला नेमके प्रारूप कळवावे. दिसायला जवळजवळ सारख्या दोन यंत्रांत एक निर्धोक आणि दुसरे बेकायदा असू शकते.

डबा लपवणे : पुष्कळ डबे शोधून झाल्यावरच हे हाती घ्यावे. दोन डब्यांत किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर लागते. जमीन खणून डबा पुरता येत नाही, झाडाला खिळा मारता येत नाही, आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी लागते. संरक्षित किल्ले, लेणी आणि अभयारण्ये आपल्याकडे यातून पूर्णपणे वगळावीत. ढासळत्या तटाचा एक दगडही कोणाच्या खेळासाठी हलता कामा नये. अक्षांश-रेखांश एकदाच न घेता वेगवेगळ्या वेळी, शक्य तर दोन दिवशी घेऊन त्यांची सरासरी काढावी. डबा झाकण घट्ट बसणारा आणि शक्यतो पारदर्शक असावा, वर खेळाचे नाव ठळक लिहावे, वही जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. कोकण-घाटमाथ्यावरच्या एका पावसाळ्यात साध्या डब्यातल्या वहीचा लगदा होतो, म्हणून जून उजाडण्यापूर्वी आणि दिवाळीनंतर डबा तपासून वही बदलण्याची तयारी असेल तरच तो लपवावा. पाठवलेली माहिती स्वयंसेवक परीक्षक नियमांशी ताडून पाहतात, आणि त्यांनी मान्यता दिल्यावर डबा यादीत येतो.