तिरंदाज गाव आणि वाकड्या लाकडाचे कारागीर

पवईत तिरंदाज नावाचे गाव आहे. कुर्ला तालुक्याच्या महसुली कागदांत आजही ते याच नावाने आहे. आता तिथे उंच इमारती आहेत, धनुष्य औषधालाही सापडणार नाही. पण नाव पाहा: ‘तीर’ आणि ‘अंदाज’, म्हणजे बाण सोडणारा. दोन्ही शब्द फारसी. आपण रोज बोलतो तो ‘तिरकामठा’ तर अर्धा फारसी, अर्धा मराठी. कमान, तीर, तिरंदाज हे शब्द मराठीत पाहुणे राहिले नाहीत, घरचे झाले.

मुसलमानांचा इतिहास शाळेत शिकवला जातो तो सुलतानांचा आणि लढायांचा. धनुष्य कोणी चालवले ते कळते, कोणी घडवले ते विचारायचे राहून जाते. घडवणारा होता कमानगर.

धनुष्यासाठी सरळ, निर्दोष लाकूड मिळाले तर उत्तमच. पण झाडे आपल्या सोयीने वाढत नाहीत. म्हणून जाणता कारागीर ओंडका करवतीने कापत नाही, पाचर ठोकून फोडतो. फोडलेले लाकूड आपल्या रेषेने उकलते. रेषा पिळलेली असेल तर फळीही पिळलेली निघते. ती करवतीने सरळ केली की रेषा तुटतात आणि धनुष्य नेमके तिथेच मोडते. म्हणून रेषेच्या मागे जायचे. पीळ फारच असेल तर निखाऱ्यावर शेकून, गरम असतानाच हळूहळू उलटा पीळ देऊन थंड होईपर्यंत बांधून ठेवायचे. गाठीभोवती थोडे जास्त लाकूड सोडायचे. मग दोरी चढवून थोडेसे ओढायचे, कोणता हात ताठ आहे ते पाहायचे आणि तोच तासायचा. धनुष्य दिसायला वाकडे राहिले तरी चालते. दोरी मुठीवरून नीट जायला हवी आणि दोन्ही हात सारखे वाकायला हवेत.

दरबारी कमानगरांनी दुसरी वाट काढली. मधे लाकडाचा पातळ गाभा, पोटाला शिंगाच्या पट्ट्या, पाठीवर जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि सगळे सरसाने जोडलेले. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. प्रत्येक थर वाळायला वेळ लागे, त्यामुळे एका कमानीला कित्येक महिने जात. दमट हवेत मात्र सरस सैल पडे. शस्त्रागारात ठेवायला पोलादी कमानी बनल्या, त्यामागे हेही एक कारण होते.

आपल्या उपनगरांतले धनुष्य मात्र बांबूचे. बोरिवलीच्या जंगलातल्या आणि आरेतल्या वारली पाड्यांना ते ठाऊक आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, तसे तेही मागे पडले.

बंदुकीने कमानगराचा धंदा संपवला. पण हात रिकामे बसले नाहीत. कमानी रंगवणारे कच्छचे कमानगर वाड्यांच्या भिंती रंगवू लागले. ती चित्रे ‘कमानगरी’ म्हणून ओळखली जातात. उत्तरेत, विशेषतः पंजाबात, कमानगर म्हणजे हाडवैद्य असाही अर्थ रूढ झाला. वाकडे लाकूड न मोडता वळवणाऱ्या माणसाकडे लोक मोडलेला हात घेऊन गेले.

शिकलगार, पिंजारी, तांबोळी, आतार ही आपली आडनावेही अशीच, कामाची. पिंजाऱ्याच्या हातात तर धनुष्यच होते, फक्त त्याने माणूस मेला नाही, गादीतला कापूस मोकळा झाला. आज याच उपनगरांत घर शोधताना आडनाव सांगितले की समोरच्याचा आवाज बदलतो. त्याला त्या आडनावात फक्त धर्म ऐकू येतो. त्यात एक कसब आहे, पिढ्यांची मेहनत आहे, हे आपणच सांगायला हवे. आधी आपल्या मुलांना, मग त्याला.