गुलमर्ग परिसरातील स्की भ्रमंती

गुलमर्ग परिसरातील स्की भ्रमंती हा जम्मू आणि काश्मीरमधील बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजाल पर्वतरांगेच्या नैसर्गिक हिमाच्छादित उतारांवर चालणारा हिवाळी साहसी क्रीडाप्रकार आहे. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे.

स्वरूप

नेहमीच्या स्कीइंगमध्ये खेळाडू यंत्राच्या साहाय्याने वर जातो व आखून दिलेल्या, देखरेखीखालील उतारावरून खाली येतो. स्की भ्रमंतीत चढणही स्वतःच्या पायांनी चढावी लागते. त्यासाठी स्कीच्या तळाला एकाच दिशेने केस असलेली पट्टी चिकटवतात. त्यामुळे स्की पुढे सरकते, परंतु मागे घसरत नाही. चढताना टाच मोकळी असते. माथ्यावर पोहोचल्यावर पट्टी काढून टाच स्कीला जखडली जाते व उतरण सुरू होते.

इतिहास आणि मार्ग

ब्रिटिश राजवटीत १९२७ साली गुलमर्ग येथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. येथील गोंडोला रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगडूरीपर्यंत, तर दुसरा २००५ मध्ये अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर, सुरू झाला. त्यामुळे पूर्वी दिवसभराच्या चढाईनंतर गाठता येणारे उतार सहजसाध्य झाले. अफरवटवरून खिलनमर्गकडे, तसेच जंगलातून बाबारेशी, द्रंग व टंगमर्गच्या दिशेने उतरण्याचे मार्ग आहेत.

हंगामाची सुरुवात

भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे येथे हिमवृष्टी होते. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीला काश्मिरीत ‘चिल्लई कलान’ म्हणतात. भरवशाचा हिमथर बहुधा याच काळात तयार होतो. त्यापूर्वीचा बर्फ पातळ असतो. त्याखाली दगड, झाडांचे बुंधे व ओढे झाकले जातात आणि स्की त्यांवर आदळून अपघात होतात.

पातळ थराचा दुसरा धोका लगेच दिसून येत नाही. बर्फाखालील जमीन तुलनेने उबदार, तर वरची हवा अतिशय थंड असते. या तफावतीमुळे थराच्या तळाशी बाष्प वर सरकते व तेथील हिमकणांचे साखरेसारख्या सुट्या, टोकदार दाण्यांत रूपांतर होते. हे दाणे एकमेकांना धरून राहत नाहीत. पुढे त्यांवर मोठी हिमवृष्टी झाली, की हा कमकुवत पाया एका माणसाच्या वजनानेही ढासळू शकतो. म्हणून डिसेंबरमधील विरळ बर्फाचे परिणाम फेब्रुवारीतही भोगावे लागतात.

हिमस्खलन आणि सुरक्षितता

तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार हिमस्खलनास विशेष पोषक असतात. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग येथे हिमस्खलनात प्रशिक्षण घेणारे १७ जवान मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्ग परिसरात एक रशियन स्कीपटू दगावला.

प्रत्येकाजवळ संदेशप्रक्षेपक, शोधकाठी व फावडे असणे आवश्यक मानले जाते. गाडलेल्या व्यक्तीची जगण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. त्यामुळे बाहेरील मदतीपेक्षा सोबत्यांनी तत्काळ घेतलेला शोध निर्णायक ठरतो. संरक्षण संशोधन व विकास संस्थेची चंडीगड येथील प्रयोगशाळा हिमस्खलनाचे अंदाज प्रसिद्ध करते.

हिमवृष्टीतील अनिश्चितता

जानेवारी २०२४ च्या पूर्वार्धात गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते. २०२५ मध्ये पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीत होणारी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घेण्यात आली. हॉटेलचालक, मार्गदर्शक आणि घोडेवाले यांची हिवाळ्यातील उपजीविका या बर्फावरच अवलंबून आहे.

विदर्भाच्या हवामानाशी संबंध

वर्धा जिल्ह्यात हिमवृष्टी होत नाही. तथापि, पश्चिमी विक्षोभाचा प्रभाव मध्य भारतापर्यंत पोहोचून बंगालच्या उपसागरावरील बाष्पाशी त्याचा संयोग झाल्यास विदर्भात अवकाळी पाऊस व गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा व विदर्भात झालेल्या गारपिटीने रब्बी पिके व फळबागांची मोठी हानी केली. गार आणि हिम यांत मात्र भेद आहे: वादळी ढगातील जोरदार ऊर्ध्व प्रवाहात पाण्याचे थर गोठून गार बनते, तर हिमकण बाष्पापासून थेट स्फटिकरूपात तयार होतो. काश्मीरला पर्यटनाचा हंगाम देणारी ही हवामान प्रणाली वर्धा परिसरातील गहू, हरभरा व संत्रा उत्पादकांसाठी अशा वेळी संकट ठरते.