गढूळपणा मोजणारी यंत्रं: मिलवॉकी १९९३, वॉकर्टन २०००

पाणी शुद्ध करण्याचा इतिहास आपण पाहतो आहोत, त्यात आज मोजणाऱ्या यंत्रांकडे वळू. पाण्यात बसवलेल्या सेन्सरवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न आपण सहसा तंत्रज्ञांवर सोडून देतो. पण १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जे घडलं, ते पाहिलं की वाटतं, हा प्रश्न फक्त यंत्राचा नाहीच.

आधी यंत्र काय करतं ते बघू. पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा आणि तरंगत्या कणांवर आपटून तो बाजूला किती विखुरतो ते मोजायचं. तो आकडा म्हणजे गढूळपणा, एकक एनटीयू. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, या यंत्राला जंतू दिसत नाहीत. त्याला कण दिसतात. कण वाढले म्हणजे गाळणीतून काहीतरी निसटतंय, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय काचेवर थर साचला की आकडा हळूहळू सरकतो, बुडबुडा आला की उगाच उसळतो. म्हणून ठरावीक काळाने ते प्रमाणित द्रावणाशी ताडून पाहावं लागतं.

मिलवॉकीचं पाणी येतं मिशिगन सरोवरातून. आपल्याकडे हंड्यात तुरटी फिरवतात ना, तसंच मोठ्या प्रमाणावर तिथे चालायचं. शहराच्या दक्षिणेकडच्या केंद्राने १९९२मध्ये तुरटी सोडून पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरायला घेतलं. नवं रसायन, त्याची मात्रा ठरवायची सवय नाही. मात्रा ठरवायला मदत करणारं एक यंत्र केंद्रात होतं, पण चुकीचं बसवलेलं, म्हणून बंद. गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा सतत मोजणारी यंत्रंही होती, तीही वापरात नव्हती. मोजणी व्हायची आठ तासांतून एकदा!

मार्चच्या २८ आणि ३० तारखेला गढूळपणा १.७ एनटीयूपर्यंत गेला. तरीही पाणी तेव्हाच्या सरकारी मर्यादेत होतं, कोलिफॉर्म जंतूही सापडले नव्हते. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात नळातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जात होता, ज्याच्यावर क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही. पाणी उकळून प्या ही सूचना निघाली ७ एप्रिलला. आजारी पडलेल्यांचा अंदाज आहे ४ लाख ३ हजार. मरण पावलेल्यांत बहुसंख्य एड्सने आधीच दुबळे झालेले रुग्ण होते.

मग पुरावा कुठून मिळाला? बर्फातून. एका बर्फ कारखान्यात त्या दिवसांत गोठवलेल्या लाद्या शिल्लक होत्या. त्या वितळवल्यावर परजीवीच्या पुटिका सापडल्या. केंद्रातल्या कुठल्याही नोंदीपेक्षा ती लादी जास्त बोलकी ठरली, असं आम्हाला वाटतं.

१९९८च्या अमेरिकी नियमाने प्रत्येक गाळणीवर सतत मोजणी आणि दर १५ मिनिटांनी नोंद सक्तीची केली. शेजारच्या कॅनडात, ऑन्टारियोतल्या वॉकर्टन गावात मात्र पाच नंबरच्या विहिरीवर असं यंत्रच नव्हतं. मे २०००मध्ये जोराचा पाऊस झाला, जवळच्या शेतातलं शेणखत विहिरीत उतरलं. सुमारे २३०० लोक आजारी पडले, ७ जण दगावले.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट आहे: उरलेलं क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं त्या विहिरीवर असती, तर साथ टळली असती. क्लोरीन संपताच इशारा वाजला असता आणि पंप आपोआप थांबला असता. त्याऐवजी वहीत आकडे होते, हाताने लिहिलेले. बहुतेक दिवशी ०.५ नाहीतर ०.७५, आणि त्यातले पुष्कळसे मोजलेलेच नव्हते.