हेडफोनची केबल बदलावी का? पैसे खर्च करण्याआधी घरी करायच्या चाचण्या

"दादा, डाव्या कानात आवाज कमी येतोय. नवीन केबल घेऊ का? सिल्व्हर प्लेटेड आहे, अठराशेची."

दौंडहून मावसभावाचा हा मेसेज आला. आयटीआय झाल्यावर तो कुरकुंभ एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागलाय. हातात नुकतंच पहिलं विद्यावेतन आलं होतं. त्याचे इअरफोन १,५०० रुपयांचे आणि केबल १,८०० ची! म्हणजे घोड्यापेक्षा लगाम महाग.

लगेच "नको घेऊ" म्हणायचा मला अधिकार नव्हता. कारण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात मी स्वतः २,२०० रुपयांची चकचकीत केबल घेतली होती आणि "आवाज किती खुलला!" असं वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो होतो. म्हणून या लेखात केबलने नक्की काय बदलतं, काय बदलत नाही आणि कमी बजेटमध्ये निर्णय कसा घ्यायचा ते क्रमाने बघू.

केबल आवाजात किती फरक पाडते?

केबलचं काम एकच, फोनमधून आलेला विद्युत सिग्नल इअरफोनपर्यंत पोहोचवणं. वाटेत तिचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स, थोडा सिग्नल खातो. किती खातो याचं गणित सोपं आहे.

समजा १.२ मीटरची तांब्याची केबल आहे आणि आतली तार २८ गेजची आहे. या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. सिग्नल जातो आणि परत येतो, म्हणून लांबी धरायची २.४ मीटर. एकूण रोध झाला सुमारे ०.५ ओहम. इअरफोन ३२ ओहमचा असेल तर आवाज कमी होतो सुमारे ०.१४ डेसिबलने.

आता तीच तार शुद्ध चांदीची घ्या. चांदीचा रोध तांब्यापेक्षा फक्त ५ ते ६ टक्क्यांनी कमी असतो. दोन्ही केबलमधला फरक येतो एक शतांश डेसिबलपेक्षाही कमी. आपल्या कानाला आवाजातला फरक कळायला साधारण अर्धा ते एक डेसिबल लागतो. आणि 'सिल्व्हर प्लेटेड' केबलमध्ये तर चांदीचा फक्त पातळ मुलामा असतो, आत तांबंच!

एक अपवाद आहे. ज्या महाग इअरफोनमध्ये एका बाजूला चार-पाच ड्रायव्हर असतात, त्यांचा इम्पीडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो, कुठे ८ ओहम तर कुठे ४० ओहम. तिथे केबलचा रोध १ ओहमने वाढला तर सुरांच्या समतोलात सुमारे ०.८ डेसिबलचा फरक पडतो. तो कदाचित ऐकू येईल. पण हजार-दोन हजारांच्या एका ड्रायव्हरच्या इअरफोनमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही.

मग मला फरक ऐकू का आला?

हे मलाही कळत नव्हतं. शेवटी एका दिवाळीत शिरूरच्या घरी याच मावसभावाला घेऊन चाचणी केली. मी डोळे बांधले. केबलच्या स्पर्शावरून ओळख पटू नये म्हणून गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. तो दर वेळी नाणं उडवायचा, छापा आला तर जुनी केबल, काटा आला तर महागडी. गाणं तेच, व्हॉल्यूम तोच. असं दहा वेळा.

माझी सहा उत्तरं बरोबर आली. केवळ अंदाजानेही सहा किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता जवळपास ३८ टक्के असते. दहापैकी नऊ किंवा दहा आली असती तर गोष्ट वेगळी. अंदाजाने तसं होण्याची शक्यता १,०२४ मध्ये फक्त ११. म्हणजे २,२०० रुपयांत मी ऐकत होतो ते माझंच मन. तुम्हीही मित्राची केबल घेऊन ही चाचणी करून बघा, फुकट आहे.

आवाज एका बाजूला कमी येतोय? आधी दोष शोधा

रविवारी मी शिरूरहून न्हावरे, चौफुला करत बाईकवर दौंडला गेलो आणि मावशीच्या ओट्यावर बसून आम्ही पुढच्या चार पायऱ्या केल्या. याच क्रमाने करा.

१. फोनची सेटिंग बघा. ॲक्सेसिबिलिटीमध्ये डावा-उजवा बॅलन्स असतो. ती पट्टी मध्यभागी आहे ना? चुकून सरकलेली असू शकते.

२. इअरफोन उलटे घाला. डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात. आता आवाज उजव्या कानात कमी आला तर दोष वस्तूत आहे. तरीही डाव्याच कानात कमी आला तर प्रश्न कानाचा आहे. मळही असू शकतो, पण केबल शोधणं बंद करा आणि कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. आवाज एकाएकी गेला असेल तर त्याच दिवशी जा.

३. केबलच्या बाजू बदला. दोन्ही इअरफोनमधून केबल काढून डावं टोक उजव्यात आणि उजवं डाव्यात लावा. तोच इअरफोन हळू वाजला तर दोष इअरफोनमध्ये. दोष दुसऱ्या इअरफोनकडे गेला तर केबल किंवा फोन.

४. त्याच फोनला दुसरा हेडफोन लावा. तो नीट वाजला तर केबल दोषी, नाही तर फोनचा जॅक.

दुसरी पायरी करताना भाऊ एकदम गप्प झाला. आवाज उजव्या कानात कमी आला, तसा त्याने मोठा श्वास सोडला. मग म्हणाला, "दादा, मला वाटलं कान गेला." त्याचं काम कॉम्प्रेसरच्या आवाजात असतं. पंधरा दिवस ही भीती मनात ठेवून तो केबल शोधत होता.

तिसऱ्या पायरीत कळलं की डावा इअरफोनच हळू वाजतोय. तोंडावरच्या जाळीत मळ साचला होता. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने हळूहळू साफ केली, आवाज परत आला. तुम्ही करताना टाचणी घालू नका आणि फुंकर मारू नका, मळ आत जातो. रबरी टिप्स काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा.

केबल खरंच कधी बदलावी?

- जॅक हलवला की खरखर होते किंवा एक बाजू बंद पडते.
- केबल शर्टाला घासली की कानात 'खस्स' आवाज येतो. मऊ केबलने हा त्रास कमी होतो.
- कॉलसाठी माइक हवा आहे.
- फोनला ३.५ मिमी जॅकच नाही. अशा वेळी ज्या टाइप-सी केबलच्या प्लगमध्येच डीएसी चिप असते ती उपयोगी. चिप नसलेले स्वस्त कन्व्हर्टर बऱ्याच फोनवर चालतच नाहीत, म्हणून वर्णनात डीएसी लिहिलंय का ते बघा.

भावाच्या जॅकजवळ खरखर होतीच. म्हणून त्याने माइकवाली साधी केबल घेतली, ४०० रुपयांची. माझा स्वतःचा नियम असा की केबलची किंमत इअरफोनच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

केबल इअरफोनला कायमची जोडलेली असेल आणि सोल्डरिंग येत असेल तर नवा जॅक लावता येतो. सुटा जॅक पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. आतल्या बारीक तारांवर इनॅमलचा थर असतो. तो सोल्डरिंगच्या उष्णतेने जाळल्याशिवाय जोड पकडत नाही.

घेताना काय तपासायचं?

- कनेक्टर: दोन पिनांचा ०.७८ मिमी की गोल, फिरणारा एमएमसीएक्स? दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. दोन पिनांमध्येही काही इअरफोनचं सॉकेट बाहेर आलेलं असतं, त्याला टोपीसारखं टोक असलेली केबल लागते.
- पिनांची दिशा: एकाच बाजूची पिन उलटी लागली तर बास पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधून न येता पसरल्यासारखा वाटतो. तसं झालं तर ती बाजू फिरवून लावा.
- जॅक: फोनसाठी ३.५ मिमीच घ्या. ४.४ मिमी 'बॅलन्स्ड' केबलचा फायदा तसं आउटपुट असलेल्या डीएसीवरच होतो, आणि तोही जादा पॉवरचा, केबलचा नाही. साधा ३.५ मिमी हेडफोन ॲडाप्टर लावून बॅलन्स्ड आउटपुटमध्ये कधीही घालू नका, शॉर्ट होऊन ॲम्प्लिफायर खराब होऊ शकतो.

उरलेल्या पैशांचं काय?

आवाज सुधारायचा असेल तर आधी फुकटचे उपाय करा. ॲपमध्ये ऑडिओ क्वालिटी 'लो' वर नाही ना ते बघा. इक्वलायझर वापरून बघा, ॲन्ड्रॉइडवर वेव्हलेटसारखं ॲप आहे.

त्यानंतर टिप्स. दौंड-पुणे लोकलमध्ये किंवा एसटीत बाहेरच्या गोंगाटामुळे आपण व्हॉल्यूम वाढवत जातो. कानात नीट बसणारी टिप हा गोंगाट अडवते, बास भरतो आणि कमी व्हॉल्यूमवर काम भागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दिवसभर यंत्रांजवळ काम करणाऱ्याने तर संध्याकाळी कानांना विश्रांतीच द्यावी.

भावाने १५० रुपयांच्या फोम टिप्स घेतल्या. ठरवलेल्या १,८०० मधले १,२५० उरले. त्यातले काही मावशीच्या हातात ठेवले, बाकीचं काय केलं ते मी विचारलं नाही. कामावर इअरप्लग घालायचे मात्र त्याच्याकडून कबूल करून घेतले.

थोडक्यात, केबल तुटली, खरखरली किंवा अडचणीची झाली तर बदला. आवाज बदलेल म्हणून बदलू नका. आणि आवाज कमी येत असेल तर आधी इअरफोन उलटे घालून बघा, या चाचणीला दहा सेकंद लागतात.