माचनूरचा रेडिओ

सोलापूरकडे गाडीने निघालो की आपल्याला वाटेत झहीराबाद लागते. चहा घेऊन आपण पुढे जातो. जवळच्याच माचनूरचा संघम रेडिओ आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकला असेल.

त्याच्या कथेत एक मराठी न्यायमूर्तीही आहेत. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत प्रमुख होते.

निकाल लागला, पण परवाना कुठे होता? डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायांनी युनेस्कोच्या साहाय्याने स्टुडिओ उभारला. कार्यक्रम टेपवर भरायचे आणि गावोगावच्या संघमच्या बैठकीत ऐकवायचे, अशी बरीच वर्षे गेली. रेडिओ होता, फक्त तो हवेत जात नव्हता! २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना दार उघडले आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी ९०.४ मेगाहर्ट्झवर केंद्र सुरू झाले. केंद्र सांभाळणाऱ्या दोघींचेही नाव नरसम्मा. घरचे बियाणे, ज्वारी-राळ्याची पेरणी, बायकांचे आरोग्य, जुनी गाणी असे विषय असत. मात्र त्याच धोरणाने बातम्या व चालू घडामोडींना मनाई केली होती. गावाने गावाविषयी बोलावे, पण कारभाराविषयी नाही, हे आम्हांला आजही खटकते.

भाषा त्यांच्या घरचीच, मेदकची तेलुगू. आपली हैदराबादी मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, तेव्हा आम्हांला त्या दोघी नरसम्मा आठवतात.