कोहिनूर (अल्बम)

मुंबईचा रॅपर डिव्हाइन (मूळ नाव व्हिव्हियन फर्नांडिस) याचा पहिला पूर्ण अल्बम, ऑक्टोबर २०१९. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरमध्ये वाढलेल्या डिव्हाइनला रॅपचा परिचय झाला तो शाळेतल्या एका मित्राच्या, रॅपर फिफ्टी सेंटचे चित्र असलेल्या टी-शर्टमुळे. सुरुवातीला तो इंग्रजीत लिही. पुढे मुंबईच्या बोलीतली हिंदी त्याने धरली आणि ‘ये मेरा बॉम्बे’ (२०१३) व रॅपर नेझीसोबतचे ‘मेरे गली में’ (२०१५) ही गाणी गाजली. झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ (२०१९) हा चित्रपट या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला. पहिला अल्बम मात्र त्यानंतरच आला.

‘मास अपील’ या कंपनीच्या भारतीय शाखेने तो काढला. या कंपनीशी न्यूयॉर्कचा रॅपर नॅस निगडित आहे. त्याचा पहिला अल्बम ‘इलमॅटिक’ (१९९४) हा हिप-हॉपच्या सुवर्णकाळातला मानदंड. क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीचे जगणे विशीतल्या नॅसने त्यात मांडले. ‘कोहिनूर’चे नाते त्याच परंपरेशी आहे: वस्ती, पैशाची ओढ, पोलीस, दोस्ती. फरक असा, की ‘इलमॅटिक’मध्ये उमेदवारीची धग आहे, तर ‘कोहिनूर’ यश मिळाल्यानंतरचा आहे; ‘चल बॉम्बे’सारख्या गाण्यात ऐट अधिक दिसते.

डिव्हाइनचा दुसरा अल्बम ‘पुण्य पाप’ डिसेंबर २०२० मध्ये आला.